पोटरीची जखम आणि रोज नवी गोळी

३ जून, सकाळ
जखमेला आज तीन महिने. दोस्त मकसूदच्या बाइकवरून उतरताना सायलेन्सरचा चटका बसला होता, एवढासाच. अजून ओली. मकसूद म्हणतो, डॉक्टरला दाखव. डॉक्टर म्हणजे सात दिवसांचा कोर्स. मी सलग सात दिवस काहीच केलेलं नाही. स्पर्धा परीक्षेचा क्लासही पाचव्या दिवशी सोडला. वीस तारखेला बाइकवर हिमालयात, स्पितीला. त्याआधी पाय बरा. संकल्प.

४ जून
मेडिकलवाल्याने काही न विचारता चार कॅप्सूल दिल्या. एक गिळली. एक फोडून पावडर जखमेवर टाकली. आतून-बाहेरून अटॅक. मी डॉक्टरच व्हायला हवं होतं.

६ जून
बरं वाटतंय. कॅप्सूल बंद. शरीराला सवय लागता कामा नये.

९ जून
पू. म्हणजे घाण बाहेर पडतेय. चांगलंच. घरमालकीण बायडाबाईंकडे खोकल्याच्या उरलेल्या गोळ्या मागितल्या. म्हणाल्या, का हो, पायाला खोकला झालाय? पण दिल्या. मकसूदच्या दाताच्या दोन, त्याच्या शहजादी आपाच्या कानाच्या तीन. थिअरी तयार: रोज गोळी बदलायची. जंतू गोंधळला पाहिजे.

११ जून
पद्धतीवर व्हिडिओ करणार. ट्रायपॉड बघायला स्वारगेटला गेलो, समोर सासवडची बस लागलेली. चढलो. गोळ्या खोलीवर.

१४ जून
परत आलो. मकसूद म्हणाला, भावा, तू मागे बसलायस, गाडी पुढे चाललीय, तरी वास मला येतोय. विचार कर. विचार केला. मोजे धुतले.

१६ जून
ताप. मकसूदने उचलून दवाखान्यात आणलं. अ‍ॅडमिट. पू तपासायला पाठवला. डॉ. शेफालींनी विचारलं, आतापर्यंत काय काय घेतलंत? सगळी यादी सांगितली, पद्धतीसकट. त्यांनी मध्येच लिहिणं थांबवलं. इंप्रेस झाल्या असाव्यात.

१९ जून
रिपोर्ट आला. पंधरा औषधं तपासली, चौदांना जंतू दाद देत नाहीत. डॉक्टर म्हणाल्या, अहो, आपण प्रत्येक औषधाची एक-दोन दिवस ओळख करून दिलीत, क्लास लावल्यासारखी. सगळे पास झालेत. उरलेलं एक शिरेतून द्यायचं, चौदा दिवस, किडनीवर लक्ष ठेवून. ते अर्धवट सोडलं तर माझ्याकडे दुसरं काही नाही, म्हणाल्या. मी म्हटलं, उद्या स्पितीला निघायचंय. म्हणाल्या, जंतूंना विचारून घ्या.

२० जून, सकाळी ११
वेगळ्या खोलीत हलवलं. माझे जंतू बाकीच्यांना लागू नयेत म्हणून. मकसूदला आत यायचं तर गाऊन, ग्लोव्हज. लाली पोटरीवरून वर चढतेय. डॉक्टरांनी गुडघ्याखाली पेनाने रेघ मारली. लाली रेघेच्या वर गेली तर ऑपरेशन. पाय किती उरेल ते तेव्हा सांगते, म्हणाल्या.

दुपारी ४
पाच तास जागचा हललो नाही. सिस्टर म्हणाल्या, अहो, बघत बसून ती खाली उतरत नाही, पडा जरा.
सकाळी लाली आणि रेघेत दोन बोटं अंतर होतं. आता एक.
बोट सुजलं असेल.