सशांचे कान

३ डिसेंबर १९३७, हिंगोली
वसमतहून काल आलो. छावणीतल्या बंगल्यात नोकरी लागली बुवा! डॉक्टर व्यंकटराव बहिरेपणावर औषध शोधून राहिले. सशाला गुंगी द्यायची, कानापाशी तार लावायची, घंटी वाजवायची. कानानं ऐकलं की यंत्राचा काटा हलतो. त्याआधी थर्मामीटर लावून अंगाची उष्णता वहीत लिहायची. अंग गार पडलं तर चांगला कानही मंदावतो, असं डॉक्टरांनी बजावलंय. औषध साधलं की पहिलं माझ्या रुख्मीला देणार म्हणाले. सहा वर्षांची पोर, मोठ्यानं हाक मारली तरच वळते.

९ डिसेंबर
थर्मामीटर हातातून सटकला, फुटला. एकुलता एक होता. सांगितलं तर घरी धाडतील, मग रुख्मीचं औषध कुठलं? रिकामी डबी जाग्यावर ठेवली अन् वहीत नेहमीसारखं एकशे दोन लिहिलं. एवढ्यानं काय आभाळ कोसळतंय?

१४ डिसेंबर
डॉक्टर खुशीत. सकाळी काटा जेमतेम हलतो, औषध घातलं की दुपारी जोरात. कारण मला ठाऊक आहे. सकाळी गुंगीतला ससा गार फरशीवर पडलेला, दुपारी तिथंच ऊन येतं. ससा तापतो, दुसरं काही न्हाई. तरी वहीत पुन्हा एकशे दोनच लिहिलं. लाज वाटते.

१८ डिसेंबर
सशांना चारा घालणाऱ्या गोजरबाईंनी बोलावलं. आठवड्याखाली औषध घातलेले चार ससे दाखवले. पिंजऱ्यामागं परात आपटली. एकाचाही कान हलला न्हाई. गवत चावत राहिले. ठार बहिरे झाले म्हणाल्या.

२० डिसेंबर
डॉक्टरांनी रुख्मीला आणायला माणूस धाडलाय, मला न विचारता. उद्या सकाळी सगळं सांगतो. सांगतोच.

२१ डिसेंबर
सांगितलं. थर्मामीटर, फरशी, ससे, सगळं. डॉक्टरांनी वही पुढं केली.
“हे अक्षर कुणाचं?”
माझंच. ओळीओळीला एकशे दोन. माझं खरं मानलंच न्हाई, बापाचा धीर असाच सुटतो म्हणाले. औषध कालच घातलं — पोर रात्री पोचल्या पोचल्या — मी झोपलेलो.

२६ डिसेंबर
तीन हाकांत एकदा वळते. घसा बसला माझा. बापच वैरी निघाला —

२८ डिसेंबर
पाठमोरी बसलीय. उन्हात. अंगाला हात लावून पाहिला, गरम आहे. चांगलं गरम. रुख्मे म्हटलं. रुख्मे. अगदी कानाशी तोंड नेऊन —