आंब्याच्या खोलीतला खट्

२४ ऑक्टोबर, शुक्रवार

आवाजच येत नाही! रेकॉर्ड होताना पडद्यावर रेघा नाचतात, परत लावलं की मुकं. सागरला फोन केला. माझ्या भावाचा, वेदचा दोस्त, बाजारात स्पीकर दुरुस्तीचं दुकान आहे त्याचं. "ताई, आवाज कुठून काढायचा ते लॅपटॉपला सांगितलंयस का?" नव्हतं सांगितलं! सेटिंग बदलली, हेडफोनात गिटार वाजली. माझीच, बेसूर. तरी रडू आलं.

३ नोव्हेंबरला, सोमवारी, वेदला जाऊन वर्ष होईल. त्याची एक धून लॅपटॉपमध्ये अर्ध्यावर तुटलेली आहे. तोवर ती त्याच्याच गिटारवर पुरी करायचीय मला. शेवट कसा, ते मात्र त्यालाच ठाऊक.

२५ ऑक्टोबर

यंदा घरात फराळ नाही. शेजारच्या सगुणाकाकूंनी डबा पाठवला. आप्पांनी उघडलासुद्धा नाही.

वडील असून मुलाचं नाव काढत नाहीत. आंब्याच्या खोलीत, जिथे हंगामात आंबे पिकत घालतो, वेदने भिंतींना मोकळ्या पेट्या नि पेंढा लावून स्टुडिओ केला होता. मी तिथेच रेकॉर्ड करते; आप्पांनी वर्षभर तिथे पाय ठेवलेला नाही. "लोट्याच्या कारखान्यातली नोकरी सोडून ही टुंगटुंग पोटाला घालणार तुझ्या?" — हे शेवटचं भांडण, रविवारी सकाळी. त्याच दुपारी वेद कामावरच्या विनोदच्या मोटारसायकलवर मागे बसून लोट्याला पाळीवर निघाला, नि हायवेला ट्रक — नाही लिहवत.

२६ ऑक्टोबर, रविवार

रेकॉर्डिंगमध्ये खट् खट् येतंय. वाजवताना कानावर हेडफोन, त्यात वेदची धून, तेव्हा काही ऐकू येत नाही. परत लावलं की आहेच! सागर म्हणाला, बफर वाढव, लॅपटॉपला आवाज साठवायला अवधी मिळेल. वाढवला. वायर बदलली. माइक गिटारच्या भोकासमोरून काढून दांड्यावरच्या पट्ट्यांकडे नेला. पंखा बंद केला, मोबाईल बाहेर ठेवला. घामाने निथळले. तरी खट्!

२८ ऑक्टोबर

आता मागे घूं-घूं पण. "अर्थिंग असेल," सागर. चार्जर काढून बॅटरीवर वाजवलं. तरी आहे. आवाज चढवून चढवून ऐकलं.

ती घरघर नाही. कुणीतरी गुणगुणतंय. माझ्याबरोबर. नि जिथे धून तुटते, जिथे मी थांबते, तिथे ते थांबत नाही. पुढे जातं!

भरदुपारी देवापुढे दिवा लावून आले. शाळेत विज्ञान शिकवते मी! कुणाला सांगू?

२९ ऑक्टोबर

खोलीत गेले नाही.

३० ऑक्टोबर

गेले. "वेद, तू असशील तर राहा रे, मी नाही घाबरत," असं मोठ्याने म्हटलं. खोटं. वाजवलं, मग ऐकलं. आहे. आज शेवटपर्यंत आहे. इतका साधा शेवट, की तो वेदचाच. दुसऱ्या कुणाला सुचणार नाही.

सागरला फोनवर ऐकवलं. त्याने पुन्हा एकदा लावायला सांगितलं. मग म्हणाला, "यंत्राचा दोष नाही हा, ताई. खोलीतला आवाज आहे. नाहीतर दाराबाहेरचा."

दार उघडलं. कुणी नाही. उंबऱ्याशी सुपारीची कातरणं पडलेली.

आप्पांचा अडकित्ता!

म्हणजे मी हेडफोन घालून बसते, नि हे रोज दुपारी बाहेर सुपारी कातरत, गुणगुणत उभे! हसू आलं. मग राग आला. एवढं ऐकायचं होतं तर तो होता तेव्हा का नाही?

३१ ऑक्टोबर

जेवताना विचारलंच. "आप्पा, शेवट तुम्हाला कसा ठाऊक?" अर्ध्या पानावरून उठले.

१ नोव्हेंबर

आज आप्पा आपणहून खोलीत आले. पेटीवर बसले. म्हणाले, "त्या रविवारी धून पुरी केलान त्याने. घाईत होता, यंत्र लावलान नाही. मी दाराबाहेर होतो. बरं वाजवलान गो. आत जाऊन सांगणार होतो, कडीला हात पण लावला. मग म्हटलं, कशाला लाडावून ठेवा." गिटारच्या एका तारेवरून बोट फिरवलं.

"आत गेलो असतो तर निघायला उशीर झाला असता गो त्याला."