मनगटातलं नवं हाड

तीर्थरूप एझ्रादादास, कासूहून धाकट्या लीयाचा शालोम.

तुझे गुडघे, वहिनीचं प्रेशर आणि तिकडची हवा ठीक असावी. मी मजेत आहे, फक्त उजवं मनगट मोडलंय. (डाव्या हातानं लिहितेय, अक्षराला हसू नकोस.)

झालं असं, की शेंगा काढायला मी शेवग्यावर चढले. फांदी, शेंगा आणि मी एकदमच खाली आलो. शेजारच्या हौसानं मला रिक्षात घालून पेणला नेलं. (शेंगा मी सोडल्या नव्हत्या.) तिथल्या डॉक्टर किमया फार गोड बोलतात. म्हणाल्या, मोडल्या जागी आधी रक्त साकळतं, मग कानाच्या कडेसारखी मऊ कूर्चा तयार होते, तिच्यात चुना बसत बसत हाड होतं. आईच्या पोटातही बाळाचे हातपाय आधी असे मऊच असतात म्हणे.

तेव्हापासून दुपारभर मी ओटीवर हात मांडीत घेऊन बसते. खाडीचा वारा येतो, डोळे मिटतात, आणि वाटतं, मनगटात दही लागतंय. आपली आईही आजोळी रोह्याला अशीच बसली असेल, खाडीतल्या बोयांचं कालवण न्‌ भाकरी जेवून, पोटात तुझी हाडं विरजत.

हाडाला चुना मिळावा म्हणून हौसानं चिंबोऱ्यांचा रस्सा आणला. आम्हा यहुद्यांना खेकडा चालत नाही म्हटलं, तर विचार करून म्हणाली, "खाव नको गो, नुसती वाफ घे." घेतली. (वाफेबद्दल आपल्या धर्मात काही ऐकलेलं नाही.)

पुढच्या खेपेला डॉक्टर म्हणाल्या, शरीर जुनं हाड थोडं थोडं मोडून नवं घडवत राहतं, दहाएक वर्षांत सगळा सांगाडा नवा होतो. मी मनात हिशेब केला. तुला इस्रायलला जाऊन तीस वर्षं झाली, दादा. म्हणजे आईनं घडवलेलं तुझ्यात काही उरलंच नाही. मी विचारलं, मग माणसाचं जुनं काहीच राहत नाही?

"दात राहतात, मावशी."

मला तुझी कवळी आठवली आणि तिथंच रडू फुटलं. हौसाला वाटलं, हात दुखतोय. तिनं डॉक्टरांनाच झापलं.

तेव्हा तू तिकीट पाठवतोयस, पण यंदा काही माझं कायमचं तिकडे येणं जमत नाही. हाडाला प्रवास सोसणार नाही.

वहिनीला शालोम, नातवंडांच्या टाळूवरून हात फिरव.

तुझी,
लीया

ता. क. प्रवासाला डॉक्टरांची ना नाही. मलाच यायचं नाही.

आणखी एक. तूच ये. हाडं इथली व्हायला दहा वर्षं लागतील, तेव्हा परतीचं तिकीट काढू नकोस.