भांडी घासायची माती

११ जाने. ८९, मानपाडा
गॅस आल्यापासून घरात राख नाही. सासूबाई म्हणतात, "ग्यासची राख निंगते काय?" म्हणून भांडी घासायला रस्त्याकडची माती. ट्रकांनी दळलेली, मैद्यासारखी मऊ. आजी-नात फडक्यातून चाळतात. मनीला चौथं लागलंय, हौस दांडगी. हात, तोंड, सगळं भुरकट. भांडी मात्र आमच्यासारखी आळीत कुणाची नाहीत, हे खरं.

३ फेब्रु.
मनीचं पोट परत दुखलं. इथल्या डॉ.नी परत जंताचंच औषध दिलं. सासूबाईंनी दृष्ट काढली. मिरच्या तडतडल्या, पोरगी आहे तशीच.

२० फेब्रु.
मनी बोलेनाशी झालीय. दिवाळीत "बाबा आले, चहा कर" म्हणून मला हुकूम सोडायची. आता नुसतं बोट दाखवते. हे म्हणतात, लाडावलीय. लाडावलेलं पोर असं भिंतीकडे बघत बसतं का?

६ मार्च
नौपाड्यात मुलांच्या डॉ.कडे गेलेलो. हिरड्या बघितल्या. विचारलं, घराजवळ काय आहे? हे म्हणाले, जुन्या बॅटऱ्या फोडतात ती शेड. रक्त तपासायला मुंबईला पाठवलं.

१७ मार्च
रक्तात शिसं. डॉ. म्हणाले, "बॅटऱ्यांचं, गाड्यांच्या धुराचं, सगळं रस्त्याच्या धुळीत बसतं. मुलगी माती खाते का?" मी नाही म्हणाले. मग ते फडकं डोळ्यांपुढे आलं आणि...
विचारलं, बोलणं परत येईल ना? "औषध देतो. धुळीपासून लांब ठेवा. बघू या."
बघू या म्हणजे काय हो?

१८ मार्च
सासूबाईंना सांगितलं. आधी भांडल्या, "मातीनं कोन मरतंय?" दुपारी मोरीत बसून सगळी भांडी नुसत्या पाण्याने परत परत धूत होत्या. "माजे हातानं पोरीला इख दिला गो." मला रागवायचं होतं. जमलं नाही. जवळ जाऊन बसले.

९ एप्रिल
भांडी काळवंडलीत. साबणाची वडी आणलीय, सासूबाई तिला हात लावत नाहीत.
आज मनी बोलली! रिकामा डबा नि फडकं कुठून शोधून काढलं देव जाणे, आजीपुढे येऊन उभी. "आजी, माती चाळू."
अख्खं वाक्य. सासूबाईंनी तिला उचलून घट्ट धरलं. हसतायत, रडतायत. "ऐकला काय गो? बोलली!" मनी त्यांच्या कडेवरून रस्त्याकडे हात करून हट्टाने रडत होती, चाळू, चाळू.
तेवढ्यात ट्रक गेला. मी धावत जाऊन दार लावलं. खाली फट आहे, तिथून धूळ येतेच.