राणी म्हणते, आणि पुढे कोरं

६ जानेवारी
थंडी फार. वर्गात मोजकी मुलं, तीही कानटोप्या घालून. खोलीवर आल्यावर हस्तलिखित उघडलं. म्हणजे त्याचे फोटो. मूळ वही सातासमुद्रापार एका ग्रंथालयात, मी बुलढाण्यात भाड्याच्या खोलीत. चारशे वर्षांपूर्वी कुणीतरी घरच्या वहीत इंग्रजी कविता उतरवून ठेवल्या, नाव कुठेच नाही. माझी पीएच.डी. या बिननावाच्या माणसावर. मला ती बाई वाटते. सर (गाइड, पुण्याचे) विचारतात, पुरावा? पुरावा नाही. वाटतं, बस.
आज नवी कविता लागली. जुनी ग्रीक गोष्ट. राजाचं मरण जवळ आलंय, पण त्याच्याऐवजी दुसरं कोणी जायला तयार झालं तर राजा वाचेल. अक्षर बारीक, शाई फुटलेली. चार ओळी उतरवल्या, डोळ्यांची वाट लागली.

९ जानेवारी
गावाहून, उंद्रीहून, वहिनीचा फोन. दादाला डायलिसिस आता झेपत नाही. औरंगाबादचे डॉक्टर म्हणतात किडनी बदला, घरातल्याच कोणाची तरी. मायला शुगर. वहिनीचा रक्तगट जुळत नाही. पोरं लहान. मग म्हणाली, "ताई, तुमच्या मांगं कोणी नाही नं."
वाईट मनानं नाही म्हणाली. खरंच तर आहे. फोन ठेवला आणि पीठ मळायला घेतलेलं तसंच राहिलं. चहा-टोस्टवर भागवलं.

१३ जानेवारी
ह.लि. पुढे. राजा एकेकाच्या दारात जातो. म्हातारा बाप म्हणतो, गुडघे दुखतात माझे, जीव नाही दुखत. आईला अजून नातवाचं लग्न बघायचंय. मित्रांची ऐन वेळी कामं निघतात. लिहिणारीनं प्रत्येकाची मस्त टर उडवली आहे. एकटीच हसले.
शेवटी राणी. तिला कोणी विचारत नाही. बाकीचे संपले म्हणून राजा तिच्याकडे बघतो, एवढंच. आणि पुढच्याच ओळीत ती निघालेली असते.
फोटो बंद केले. आज नको.

१९ जानेवारी
औरंगाबाद. रक्त, लघवी, एक्स-रे, सोनोग्राफी. दादा माझ्या शेजारी बाकावर, तोंड सुजलेलं, स्वेटर ढगळ झालेला. दिवसभर आम्ही दोघं काय बोललो, तर तुरीचा भाव आणि परतीची गाडी. त्या विषयाला त्यानं हात लावला नाही, मीही नाही. बारावीनंतर मला शिकायला बुलढाण्याला ठेवा म्हणून हाच बाबांशी भांडला होता, दोन दिवस जेवला नव्हता. नोकरी, ही खोली, ही इंग्रजी, सगळं त्या भांडणातून आलेलं. हे त्याला कधी बोलून दाखवलं नाही. त्यानंही कधी काढलं नाही. काढलं असतं तर बरं झालं असतं, मला रागावता तरी आलं असतं.

२७ जानेवारी
जुळली. मला कळायच्या आधी उंद्रीला कळलं. चिखलीच्या स्टँडवर गावातल्या एका काकूनं हात धरला, डोळ्यांत पाणी, म्हणे बहीण असावी त अशी. वहिनीनं पेढे वाटले म्हणे.
मी हो कधी म्हटलं? सगळे फोन आठवून पाहिले. कुठेच, कधीच म्हटलेलं नाही. पण आता एवढ्या कौतुकात तोंड कोणत्या तोंडानं उघडायचं?

३० जानेवारी
कविता संपली. संपली म्हणजे... राजाचा एक बलदंड पाहुणा मरणाशी कुस्ती खेळून राणीला परत आणतो. ती दारात उभी, तोंडावर पदर, गप्प. राजा रडतो, लोक नाचतात. मग ओळीच्या डोक्यावर लिहिलंय, 'राणी म्हणते'. आणि पुढे अर्धं पान कोरं. दुसऱ्या पानावर वेगळ्या हातानं खोकल्याचं औषध.
सरांना फोन केला. ते म्हणाले, मूळ प्रत फाटकी असेल, कंटाळा आला असेल, काहीही असेल. रिकाम्या जागेवर प्रकरण लिहिता येत नाही, मॅडम. बरोबर आहे त्यांचं. हस्तलिखित उतरवून घेण्याचा आमचा पहिला नियम, पानावर नाही ते आपल्या पदरचं भरायचं नाही.
माझ्या बाबतीत हा नियम कोणी पाळला नाही. राग आला. मायचाही आला, आणि मग मायचा आला म्हणून स्वतःचा.

४ फेब्रुवारी
सोमवारी दवाखान्यातली समिती. देणाऱ्याला एकट्याला आत घेऊन विचारतात म्हणे, मर्जीनं देता का.
भीती वाटते. लिहून टाकते. ऑपरेशनची नाही वाटत. नंतर या खोलीत परत यायची वाटते. त्याच्याजवळ वहिनी असेल, माय असेल. मला रात्री उठून बसायचं झालं तर? आणि दिली नाही, तर उंद्रीचं दार माझ्यासाठी उघडेल, पण तिथे कोणी माझ्याशी बोलणार नाही. आणि तो जाईल. त्या घराशिवाय मला दुसरं कोण आहे?

७ फेब्रुवारी
दुपारी दार वाजलं. दादा. एकटा, एस.टी.नं आलेला, जिना चढून धापा टाकत. सवयीनं पाण्याचा ग्लास पुढे केला. त्यानं घेतला, ओठ ओले केले आणि हातात धरून बसला. मग आठवलं, त्याला दिवसाचं पाणी मोजून असतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं.
शेवटी मीच म्हटलं, "तू मले विचारलं काऊन नाही?"
"तू नाही म्हटलं त म्या कोणाकडं जाऊ? अन् हाव म्हटलं त मांगून तुह्याजवळ कोण राहीन?"
याचा त्यानं विचार केला होता. घरात कोणीतरी केला होता. मला रडू आलं, त्याच्यासमोरच. त्यानं माझ्याकडे बघितलं नाही, ग्लासाकडे बघत राहिला.
"तरी विचार," मी म्हटलं.
"देतं का वं?"
अगदी हळू, लहानपणी माझ्याकडे पेन मागायचा तसं. मी म्हटलं, सोमवारच्या आत सांगते. तो हाव म्हणाला. रागावला नाही. स्टँडपर्यंत येऊ का म्हटलं तर नको म्हणाला, कठडा धरून एकेक पायरी उतरला.
तो विचारून गेला. आता खोलीत मी एकटी आहे, आणि उत्तर मला द्यायचं आहे.