विषम पानं संतोषला, सम पानं संघर्षला

मी, वाल्मीक रंगनाथ बोरस्ते, वय ५४, धंदा रहस्यकथालेखन, राहणार इंदिरानगर, नाशिक, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय (पत्नी शेजारी मेथी निवडत बसली आहे, तो दबाव धरलेला नाही) लिहून ठेवतो की, मंगळवारी माझ्या हृदयाचं ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणतात, काळजीचं कारण नाही. माझ्या कादंबरीत हे वाक्य ज्याला ऐकवलं, तो पुढच्या प्रकरणात नसतो. म्हणून ही तजवीज.

१. राहता फ्लॅट व बँकेतली शिल्लक पत्नी उज्वला हिची. शिल्लक पाहून तिने हसू नये.

२. स्कूटर मुलगी आरोहीला. माझ्या पार्किंगमध्ये तळमजल्यावरच्या शेजाऱ्यांनी अकरा वर्षं ठेवलेली तुळशीची कुंडी त्यांनाच देतो. त्यांनी ती आता उचलावी.

३. माझा देह. विंचूरचा धाकटा भाऊ संतोष रामकुंडावर दहावा घालणार म्हणतो. नाशिकरोडचा मेहुणा संघर्ष पगारे बौद्ध पद्धतीने विधी करणार म्हणतो. दोघांनीही मला विचारलेलं नाही, आणि ते एकमेकांशी तर बावीस वर्षं बोललेले नाहीत. उज्वलेला माझ्या उशाशी बसून या दोघांची पंचाईत सोडवावी लागू नये, एवढी एकच माझी खरी इच्छा आहे. सबब देह वैद्यकीय महाविद्यालयाला द्यावा. फॉर्म कपाटात वरच्या खणात आहे.

४. साप्ताहिकात चालू असलेली माझी कादंबरी. कांद्याच्या शेतात दगडी पेटी सापडते. पुजारी म्हणतो देवाची, भंते म्हणतात बुद्धांची, आणि घोटी ते मालेगाव नऊ तासांत तीन खून पडतात. खुनी कोण, हे छापायचं बाकी आहे. संतोषचा फोन येतो, "दादा, पुजारी खुनी निघाला ना, तर मला गावात तोंड दाखवता यायचं नाय." तो ठेवतो न ठेवतो तोच संघर्ष, "दाजी, भंतेंना गोत्यात आणू नका. कॉलनीत लोक मलाच धरतात."

शेवटचं प्रकरण लिहून तयार आहे. त्याची विषम पानं संतोषला व सम पानं संघर्षला देतो. मोबाईलवर फोटो पाठवून जुळवणी चालणार नाही. आमच्या टेबलावर, एकत्र जेवून, मोठ्याने वाचावं. स्वयंपाक संतोषने करावा, संघर्षने वाढावं, भांडी दोघांनी घासावीत.

५. कादंबरीतला खुनी त्या दिवशी कळेल. घरातला गुन्हेगार मात्र इथेच सांगून टाकतो. आमच्या लग्नाच्या पत्रिका दोन प्रकारच्या छापल्या होत्या, गणपतीच्या विंचूरसाठी, बुद्धांच्या पगाऱ्यांसाठी. विंचूरला बुद्ध पोचले आणि नाशिकरोडला गणपती. दोन्हीकडे समजूत झाली की समोरच्यांनी मुद्दाम डिवचलं. लग्नाला नवरा-नवरी धरून सहा माणसं. मी दोघांनाही छापखान्याची चूक सांगितली. छापखाना निर्दोष होता. गठ्ठे स्कूटरवरून मीच नेले, डोक्यात एका खुनाची जुळवाजुळव चालली होती, आणि त्या नादात अदलाबदल केली. बावीस वर्षं कबूल करायची हिंमत झाली नाही. संतोष, संघर्ष, भांडायचंच असेल तर माझ्याशी भांडा. मी सापडायचा नाही.

६. वरचं कलम लिहून झाल्यावर उज्वलेला वाचून दाखवलं. तिने मेथीवरची नजर काढली नाही.

"माहीत आहे मला. गठ्ठ्यांवर नावं मीच लिहिली होती, एवढी ठळक."

"मग बोलली का नाहीस?"

"सहाच माणसं आली. लग्न किती शांततेत झालं. आता मंगळवारचं उरकून गपचूप परत या, आणि त्या दोघांना स्वतःच्या तोंडाने सांगा. जेवायला मी बोलावलंय त्यांना, पुढच्या रविवारी."

सबब मृत्यूची तारीख पुढे ढकलण्याचा मी प्रयत्न करीन. रविवारचं मात्र काही सांगता येत नाही.

वाचून, समजून सही केली.

वाल्मीक रंगनाथ बोरस्ते

साक्षीदार:
१. बहिरू किसन सानप, शेजारी (कुंडी यांचीच, कलम २ वाचून सही केली)
२. डॉ. योगिनी देवरे (काळजीचं कारण नाही, असं पुन्हा म्हणाल्या)

नाशिक, रविवार, १४ सप्टेंबर २०२५