आजोबांच्या मशीनची तक्रार

प्रिय आई,
धाकट्याचा नमस्कार. खोकला गेला, जेवणही वेळेवर होतं, तेव्हा काळजीला जरा सुट्टी दे. बाबांचा गुडघा कसा आहे?

"पोरगा लोकांच्या घरात डोकावतो," असं तू काकूला सांगतेस, ते खरंच आहे. आमच्या कंपनीचं कपडे धुण्याचं मशीन लोक कसं वापरतात, ते त्यांच्या घरी बसून बघायचं, खोदून खोदून विचारायचं, एवढंच माझं काम.

मागे एकट्या राहणाऱ्या एका आजोबांकडे गेलो होतो. निघताना ते म्हणाले, "परत कधी?" मी म्हटलं, "अडचण आली तर कळवा."

तेव्हापासून त्यांना अडचणीच अडचणी. कधी बटण अडकतं, कधी झाकण. मशीनच्या खोडी सापडताहेत म्हणून साहेब खूश! आज गेलो, तर मशीन कोरडं ठणठणीत आणि टेबलावर चहाचे दोन कप. मी मेला बटणाचंच विचारत बसलो आणि घाईत चहा न पिताच उठलो.

वाटभर मन खात होतं. आई, फोनवर आवाज कमी येतो म्हणून तू सारखी तक्रार करतेस, आणि कुठलं बटण दाबायचं ते सांगून मी फोन ठेवतो.

खरं सांग, आवाज कमी येतो का गं?

तुझाच,
धाकटा